पिकअपमध्ये आल्याच्या ‘गाड्या’ किती?



कोरेगाव भागातल्या एका बैठकीत भाड्याचा विषय निघाला. आपल्याकडे आल्याची एक ‘गाडी’ म्हणजे 500 किलो, हे मी तुम्हाला काय सांगणार! पण पिकअपमध्ये अशा गाड्या किती न्यायच्या, असं विचारलं तर कुणी तीन म्हणालं, कुणी चार. हौद्यात मावतील हो. पण झेपतील किती?

नावावरून अंदाज बांधू नका. बोलेरो पिकअपवर 1.3 टी किंवा 1.7 टी असतं, तिथे टी म्हणजे टन, साधारण तेवढा माल. पण टाटा इंट्रा व्ही 30 म्हणजे तीन टन नव्हे, ती 1300 किलोची. व्ही 50 दीड टनाची. आणि 2005 साली आलेल्या टाटा एसला आपण छोटा हत्ती म्हणतो, तिचा भार पाऊण टनाच्या आसपास, म्हणजे आल्याची दीडच गाडी.

खरा आकडा आरसीवर असतो. तिथे दोन वजनं बघा: अनलेडन म्हणजे रिकाम्या गाडीचं आणि लेडन किंवा ग्रॉस म्हणजे भरलेल्या गाडीचं. समजा रिकामी 1600 आणि भरलेली 2900. फरक 1300 किलो. पण हा सगळा मालाचा नाही! ड्रायव्हर आणि शेजारी बसलेली ताई यांचे 120 किलो धरा, उरले 1180. म्हणजे आल्याच्या दोन गाड्या आणि वर पावणेदोन क्विंटल. क्रेट, गोण्या, आल्याला चिकटलेली माती, मागून बसवलेली लोखंडी जाळी, सगळं त्यातच. तासगावच्या तायांनी 15 किलोच्या बेदाण्याच्या बॉक्सचा हिशोब करावा, 75 च्या आसपास थांबावं लागेल.

“दोन टन टाकतो की ताई, काय होत नाही,” असं ड्रायव्हर म्हणतो. भाडं एकच फेरीचं लागतं म्हणून आपल्यालाही ते बरं वाटतं. पण पुण्याला जाताना खंबाटकीचा उतार आहे, आणि जादा वजनाची गाडी थांबायला जादा अंतर घेते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये जादा भाराला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. हा दंड गाडी चालवणाऱ्याइतकाच ती चालवायला लावणाऱ्यालाही होऊ शकतो. गाडी गटाच्या नावावर असेल तर तो कोण, ते सांगायला नको.

गाडी घ्यायचीच ठरली तर आणखी एक. ग्रॉस वजन 3000 किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, त्याच्या वर लागतं. 1.7 टनाची गाडी रिकामीच दीड टनाच्या वर भरते, तेव्हा बेरीज तुम्हीच करा. विक्रेता हप्ता सांगतो, हे आपण विचारायचं.

पुढच्या बैठकीला, ज्या गाडीने माल जातो तिच्या आरसीचा फोटो आणि मागच्या फेरीची वजनकाट्याची पावती घेऊन या. वजाबाकी सगळ्या मिळून करू.