रॉडच्या मशीनवर टिग वेल्डिंग: नवीन मशीन घेण्याआधी हे करून बघा

छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन आहे, रॉडने ग्रिल आणि गेटची कामं चालू आहेत. अशात एखादा हॉटेलवाला येतो आणि विचारतो, "एसएसचं काउंटर करून द्याल का?" टिग मशीन नाही म्हणून तुम्ही ते काम सोडून देता. किंवा मग थेट मोठं मशीन हप्त्यावर उचलता, आणि वर्षभर एसएसचं दुसरं काम येतच नाही. या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे, तो म्हणजे स्क्रॅच स्टार्ट टिग.

तुमचं मशीन डीसी असेल तर त्यातून टिगचा आर्क निघतो. वेगळं लागतं ते एवढंच: गॅसचा नॉब टॉर्चवरच असलेली टिग टॉर्च, फ्लोमीटरचा रेग्युलेटर, आर्गनचा सिलिंडर आणि टंगस्टन. टॉर्च घेताना मशीनचं सॉकेट बारीक आहे की जाड, ते बघून घ्या. इथेच पहिली फेरी फुकट जाते. आणि मिग मशीनचा सीओटू गॅस इथे चालत नाही, टंगस्टन जळून जातं. शुद्ध आर्गनच हवा.

आता जोडणी. रॉडला आपण बहुतेक वेळा होल्डर प्लसला लावतो. टिगला उलटं करायचं: टॉर्च मायनसला, अर्थचा क्लॅम्प प्लसला. चुकून टॉर्च प्लसला राहिली तर टंगस्टनचं टोक काही सेकंदांत वितळून गोळा होतं. मशीनवर हॉट स्टार्ट आणि आर्क फोर्सचे नॉब असतील तर शून्यावर आणा. गॅस मिनिटाला ६ ते ८ लिटर. अँपिअर साधारण मिलिमीटरला ४० धरा, म्हणजे दीड मिलिमीटरच्या पत्र्याला ६०च्या आसपास. एसएसचा पत्रा गरम लवकर होतो आणि वाकतो, म्हणून थोडं खालूनच सुरुवात करा.

टंगस्टनला पेन्सिलसारखं टोक काढा, घासायचं ते लांबीच्या दिशेने. निळ्या किंवा सोनेरी पट्टीचं घ्या. लाल पट्टीच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये.

खरी गंमत आर्क पेटवताना आहे. महागड्या मशीनमध्ये बटण दाबलं की ठिणगी आपोआप उडते. इथे काडेपेटीसारखं घासावं लागतं. मी पहिलं काम एका चहावाल्याच्या टेबलाचं केलं, तेव्हा थेट जॉबवरच घासत होतो. पॉलिश केलेल्या पत्र्यावर सगळीकडे काळे ओरखडे, आणि टंगस्टनचे तुकडे वेल्डमध्ये अडकलेले. दोन दिवस बफिंग करत बसलो, मजुरी त्यातच गेली. तेव्हा तुम्ही असं करा: जॉबला टेकवून तांब्याची एक पट्टी ठेवा. आधी गॅस चालू, मग पट्टीवर हलकं घासा, दोन-तीन मिलिमीटर उचला आणि पेटलेला आर्क सावकाश सांध्यावर घेऊन या. तांब्याला टंगस्टन सहसा चिकटत नाही.

शेवट त्याहून अवघड. पायाचं पेडल नाही, त्यामुळे करंट हळूहळू कमी करता येत नाही. टॉर्च झटक्याने उचलली की तिथे खड्डा पडतो, आणि पुढे तडा बहुतेक तिथूनच जातो. म्हणून शेवटी फिलरचा एक जास्तीचा थेंब द्या, हात थोडा वेगात पुढे न्या, आर्क तोडा आणि लगेच टॉर्च परत त्याच जागेवर धरा. पाच-सात सेकंद गॅस मिळाला की वेल्ड काळा पडत नाही. मग गॅसचा नॉब हाताने बंद. हे विसरलात तर सिलिंडर जेवणाच्या सुट्टीत रिकामा होतो, स्वानुभव आहे.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. मशीन चालू असेपर्यंत टंगस्टनमध्ये करंट असतोच, बटण नाही. टॉर्च जॉबवर टाकून उठायचं नाही, लाकडी खुंटीला लटकवा. पंखा बंद ठेवा, नाहीतर गॅस उडून जातो. पण शेड पूर्ण बंदही करू नका. आर्गन हवेपेक्षा जड आहे, खाली साचतो आणि श्वासाची हवा बाजूला सारतो.

आता हिशोब. १० लिटरच्या छोट्या सिलिंडरमध्ये १५० बारला साधारण १५०० लिटर गॅस. मिनिटाला ७ लिटर धरला तर दोनशे मिनिटं. रेलिंगच्या ३८ मिलिमीटर पाइपचा गोल सांधा सुमारे १२० मिलिमीटर. शिकाऊ हात मिनिटाला ८० मिलिमीटर चालला तर सांध्याला दीड मिनिट. वाया जाणारा गॅस धरून एका सिलिंडरमध्ये शंभरेक सांधे. तुमच्या गावातला रिफिलचा दर शंभराने भागा, त्यात फिलर, टंगस्टन घासण्याचा वेळ आणि बफिंग मिळवा. कोटेशन त्यावरून द्या, शेजारच्याच्या दरावरून नाही.

अॅल्युमिनियमचं काम मात्र घेऊ नका, त्याला एसी लागतो. दूध किंवा औषधाच्या पाइपलाइनचंही नको, तिथे आतून गॅस भरावा लागतो आणि टंगस्टनचा एक कणही चालत नाही. रेलिंग, काउंटर, स्टँड, ट्रॉली एवढंच घ्या. तीन महिने वहीत लिहा: एसएसची किती कामं आली, किती सांधे परत करावे लागले. सांधे चांगले येतायत, पण तांब्याच्या पट्टीपायी महिन्याचे तीन-चार दिवस जास्त जातायत, असं वहीत दिसलं की बटणवाल्या मशीनचं कोटेशन मागवा.