वाळूच्या टेकडीची चाल

राजस्थानातील थरच्या वाळवंटात उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून जोराचा वारा वाहतो. त्याने उचललेला वाळूचा कण फार उंच न जाता उड्या घेत जमिनीलगतच सरकतो, टेकडीचा सौम्य चढ चढतो व माथ्यापलीकडे घसरतो. म्हणून आडोशाची बाजू सुमारे ३३ अंशांची, उभी असते. उघडी टेकडी चंद्रकोरीसारखी होऊन, शिंगे पुढे करून चालू लागते. जेथे फोगाच्या झुडुपांनी व सेवण गवताने कडा धरल्या आहेत, तेथे मात्र बाहू मागे अडकतात व मधला भागच पुढे सरतो. जोधपूर येथे १९५२ साली संशोधनकेंद्र निघाले. तेथील रीत अशी, की प्रथम काटक्याकुडांचे आडोसे करून वाळू थोपवावी, मग गवत व झाडे लावावीत. सारांश, जळणासाठी झुडूप मुळासकट उपटणारा शेतकरी शेजाऱ्याच्या शेतावर टेकडीच सोडीत असतो.