सदाफुलीचे इंजेक्शन आणि सदाफुलीचा रस



विट्याच्या परिसरातील एका मेळाव्यात कोरडवाहू ज्वारीत ओल कशी टिकवावी यावर बोलून झाल्यावर एका शेतकऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले, "सर, दारातल्या सदाफुलीच्या पाल्याचा रस दिला तर चालेल का?" त्यांच्या घरी कर्करोगाचा रुग्ण होता आणि इंजेक्शनची एक तारीख चुकली होती. हा प्रश्न इतरांच्याही मनात असेल, म्हणून हा लेख.

सदाफुलीपासून औषध निघते, ही गोष्ट खरी आहे. मूळच्या मादागास्करच्या या झाडाचा काढा जमैका बेटावर लोक मधुमेहासाठी घेत. १९५० च्या दशकात कॅनडातील नोबल व बिअर या शास्त्रज्ञांनी त्याचा अर्क उंदरांना टोचून पाहिला. साखर उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात. या धाग्यावरून पुढे व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधे आली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात.

पेशी दुभंगताना आत बारीक तंतू तयार होऊन गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जातात. ही औषधे ते तंतू बांधूच देत नाहीत. पेशी अर्ध्यावर अडकते व मरते. मात्र निरोगी पेशी व नसांनाही इजा पोचते, म्हणून मात्रा मोजून, रक्त तपासून, शिरेतूनच ती देतात.

आता रसाचे पाहू. पाल्यात हे घटक इतके अल्प असतात की एक ग्रॅम मिळवण्यास शेकडो किलो वाळलेला पाला लागतो. पेलाभर रसात औषध जवळजवळ नसतेच. इतर विषारी अल्कलॉइड मात्र असतात. त्यांनी उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. जनावरेही या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत, ते उगाच नव्हे.

आपल्या सांगलीच्या हळदीचेही असेच. तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची बाब. तिच्यातील कुरकुमीन काचेच्या बशीत वाढवलेल्या मानवी कर्करोगाच्या पेशी मारते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण मीठ ओतले तरी हरळी मरते. म्हणून कोणी उसात मीठ टाकत नाही. तण मरावे आणि पीक राहावे, तेव्हाच आपण त्याला तणनाशक म्हणतो. शिवाय खाल्लेले कुरकुमीन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते व यकृतात लवकर मोडते. कर्करोगावरचे औषध म्हणून त्याला अजून मान्यता नाही. भाजीतली हळद खुशाल खा. कुरकुमीनच्या तीव्र गोळ्या मात्र उपचार चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण काही औषधांच्या कामात त्या अडथळा आणू शकतात.

लागवडीविषयीही विचारणा होते. सदाफुली हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत कमी पाण्यावर येते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'निर्मल' व 'धवल' हे वाण दिले आहेत. पाल्याबरोबर मुळांनाही मागणी असते. त्यांतील अजमॅलिसिन रक्ताभिसरणाच्या औषधात जाते. परंतु हा माल बाजार समितीत सौद्याला लागत नाही. खरेदीदाराशी दर, प्रत आणि उचल यांचा लेखी करार हाती आल्याशिवाय एक गुंठाही लावू नये. रोपे तयार करून मग गिऱ्हाईक शोधणे या पिकात परवडत नाही.