आधी बिऱ्हाड, मग पुस्तक

वाचकहो, आपल्या पुष्कळ घरांतली मुले हल्ली शिकायला परमुलखात जातात. कोणी ठाण्याहून निघते, कोणी इथे लोद-अश्दोदहून. फी, परीक्षा, व्हिसा यांची चौकशी सगळेच करतात. पण तिथे पोचल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे जे पाच-सहा आठवडे असतात, त्यांचे काय करायचे हे कोणी सांगत नाही. आजचा धडा त्या आठवड्यांचा आहे.

गेल्या वर्षी जुलैत मी पुतणीकडे शारजाला गेले होते. तेल अवीवहून दुबई आणि तिथून मोटारीने रोल्ला. शारजाच्या जुन्या वस्तीतला हा भाग. इथे एक अवाढव्य वड होता, त्याच्या सावलीत लोक जमत, त्या वडालाच तिथे रोल्ला म्हणत. 1978 साली झाड गेले. चौकात आता त्याच्या आठवणीचे स्मारक आहे. भोवती निम्मा हिंदुस्थान भरलेला: मल्याळी हॉटेले, कापडवाले, सोनार, किराणा. पोहे, नारळ, तांदळाचे पीठ, मागाल ते मिळते.

पुतणीची मुलगी बारावी होऊन जूनच्या अखेरीस आईबरोबर तिथे आलेली. बाप आठ वर्षे तिथेच नोकरीला. कॉलेज ऑगस्टच्या शेवटी. मी गेले तेव्हा ही पडदे ओढून, एसी लावून गणिताचे पुस्तक पुढ्यात घेऊन बसलेली. तीन आठवड्यांत एकटी खाली उतरली नव्हती. मला म्हणाली, "आजी, कॉलेज सुरू झालं की जाईन ना बाहेर. आत्ता अभ्यास करते." आईला मात्र रात्री रडून सांगितले होते की मला ठाण्याला परत पाठव.

मला तिच्यावर रागावता आले नाही, कारण हेच मी स्वतः केले आहे. 1982 साली मी मुंबईहून बी. एड. होऊन आले आणि उल्पानचे पाच महिने पुरे व्हायच्या आतच एका शिक्षक-प्रशिक्षणात नाव घातले. आठ आठवड्यांत बाहेर पडले. फळ्यावरचे वाचता येई, पण मागच्या बाकावरच्या मुली कशाला हसल्या ते कळत नसे. बँक, दवाखाना, भाड्याचा करार यांतच दिवस संपे, आणि रात्री पुस्तक उघडले की झोप. मुकाट्याने उल्पानला परत गेले. 1949 साली जेरुसलेमला एत्सियोनचे पहिले उल्पान निघाले ते याच विचाराने: माणूस डॉक्टर असो की वकील, आधी त्याला बाजारहाट करण्याइतकी भाषा येऊ द्या, मग त्याची विद्या कामाला येईल. मी बाई शिक्षिका असून मला हे उशिरा कळले.

मुलीला मी आनंदीबाई जोश्यांची गोष्ट सांगितली. नाव तिला ठाऊक होते. पहिली स्त्री डॉक्टर, इतकेच. मधला उन्हाळा कोणी शिकवलेला नव्हता. आनंदीबाई 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यू यॉर्कला उतरल्या. वय अठरा. नवरा गोपाळराव टपालखात्यात, तो मागे राहिला. फिलाडेल्फियाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू होणार ऑक्टोबरात. मधले दिवस त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. ही बाई तोवर फक्त पत्रांतून ओळखीची. आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या. (रोझेल आणि रोल्ला, नावेही जुळतात, असे म्हटल्यावर मुलगी पहिल्यांदा हसली.) त्या घरात इंग्रजी पुस्तकातून निघून तोंडात बसले. शाकाहार सोडला नाही, लुगडेही सोडले नाही, फक्त थंडीपायी नेसण्याची तऱ्हा बदलली. ऑक्टोबरात महाविद्यालयात गेल्या तेव्हा त्या देशात त्या अगदीच परक्या राहिल्या नव्हत्या.

हा धडा मी गोड करून सांगत नाही. 11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली, पण तोवर थंडीने आणि न मानवणाऱ्या जेवणाने प्रकृती ढासळली होती. क्षयाने 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या वारल्या, बावीस पुरी व्हायच्या आत. रोझेलने माणसे दिली. परगावची खोली आणि ताट यांचा प्रश्न काही सुटला नाही. म्हणून मुलांनी अंगावर काढू नये, आणि आईबापांनी फोनवर मार्कांच्या आधी जेवण विचारावे.

आनंदीबाईंचे 1885 सालचे एक छायाचित्र आहे. शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. इस्लामबूली ही कुर्दी ज्यू घराण्यातली. मुलीने ते चित्र फोनवर काढून बराच वेळ पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाहेर पडलो, पण संध्याकाळी. त्या दिवसांत दुपारचे ऊन इतके कडक की 15 जून ते 15 सप्टेंबर उघड्यावरचे काम साडेबारा ते तीन कायद्यानेच बंद असते. आधी कागद: वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी. बारावीच्या गुणपत्रिकेवरचे शिक्के मात्र भारतातूनच मारून न्यावेत, तिथे गेल्यावर धावपळ होते. मग बस. वर्ग सुरू व्हायला महिना असताना आम्ही युनिव्हर्सिटी सिटीला नुसते जाऊन आलो, कुठे उतरायचे, सावली कुठे, पाणी कुठे. मग भाषा. देवळात ऐकलेले हिब्रू आकडे तिला येत होते. अर्बा म्हणजे अरबीत अर्बआ, शेवा म्हणजे सबआ, शमोने म्हणजे थमानिया. दोन दिवसांत ती दुकानांवरचे अरबी आकडे वाचू लागली.

शब्बाथची आईला मोठी काळजी. शारजात दारूला बंदी, मग किद्दूश कसा? मी म्हटले, अगं, आपल्या आज्यांनी कोकणात कुठली द्राक्षदारू पाहिली होती? काळ्या मनुका भिजवून सरबत करायचे. शिवाय 2022 पासून तिथल्या सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते.

मनुका आणायला मी तिला एकटीला पाठवले. दहा मिनिटांचे काम, तासभर परत नाही. आई दारात उभी, माझ्याकडे बघेना. मीही मनातून घाबरलेच होते. शेवटी पिशवी हलवत आली. चुकीच्या गल्लीत शिरली होती, एका मल्याळी दुकानदाराने त्या स्मारकाच्या चौकापर्यंत आणून सोडले, तिथून घर तिचे तिने शोधले. मनुका मात्र पिवळ्या आणल्या होत्या. त्याच भिजत घातल्या.

नोव्हेंबरात तिचा फोन आला. घाईत होती. वर्गात पुण्याची एक मुलगी नवीन आलेली, तिला बस दाखवायला निघाली होती.