घरचे कामाचे बाक

पेरणीचे दिवस आहेत. काल पाऊस झाला. आज जमिनीला वाफसा आला. बैल जुंपले, आणि पाभरीचा दांडा सैल निघाला. एक पाचर ठोकायची, दोन खिळे मारायचे, एवढेच काम. पण हातोडी शेजारी गेलेली. खिळे कोनाड्यात गंजलेले. पाचर तासायला धड जागा नाही. सुताराच्या दारात आधीच माणसे बसलेली. दिवस फुकट गेला. वाफसा काही कुणासाठी थांबत नाही.

असा दिवस वाया जाऊ नये म्हणून घरात एक कामाचे बाक हवे. ते कसे करायचे ते आपण या धड्यात पाहू.

कोणी विचारील, "गुरुजी, मग सुतारानं काय करायचं?" आम्ही सांगतो. गाडीचे चाक, दाराची चौकट ही कसबाची कामे. ती सुतारानेच करावीत. बाकही त्याच्याच हातून करून घ्या. त्याला मजुरी द्या, आणि जवळ उभे राहून शिका. खुरप्याची मूठ, कुदळीचा दांडा, खाटेचा पाय, अशी लहान कामे मात्र आपल्याला आली पाहिजेत.

जागा. पडवीत उजेड येतो ती जागा निवडा. पावसाची झड तिथे येऊ नये. चूल आणि कडब्याची गंजी दूर असावी.

उंची. ताठ उभे राहा. हात सैल सोडा. जमिनीपासून मनगटापर्यंत मोजा. तीच तुमच्या बाकाची उंची. बहुतेकांना ती 80 सेंटिमीटरच्या आसपास येते. बाक ठेंगणे झाले तर कंबर दुखते. उंच झाले तर रंध्यावर जोर येत नाही.

लाकूड. बाभळीचे लाकूड चांगले. ते जड आणि चिवट असते. बाक जड असले म्हणजे काम करताना हलत नाही. पण लाकूड वाळलेले घ्या. ओले लाकूड वाळताना आकसते, पिळते आणि सांधे उघडतात.

बांधणी. वरची फळी 150 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 5 जाड असावी. चार पाय 8 सेंटिमीटर चौरस घ्या. पाय नुसत्या खिळ्यांनी जोडू नका. ठोकाठोकीने खिळे सैल होतात. बोल्ट घाला. ते सैल झाले तर पान्ह्याने पुन्हा आवळता येतात. मागच्या दोन पायांना एक तिरकी पट्टी मारा. चौकट ढकलली तर तिरकी होते. पण तीन बाजूंचा आकार बदलत नाही. छपराच्या कैचीतही हीच युक्ती असते. फळीवर खिळा मारलाच, तर त्याचे डोके लाकडात खोल बसवा. नाहीतर रंध्याचे पाते तुटेल.

काटकोन पाहणे. गुण्या नसला तरी अडत नाही. कोपऱ्यापासून एका बाजूला 30 सेंटिमीटरवर खूण करा. दुसऱ्या बाजूला 40 वर करा. दोन खुणांमधले अंतर बरोबर 50 आले, तर कोपरा काटकोनात आहे.

शिकंजा. कारखान्यात याला वाईस म्हणतात. हा बाकाच्या पायाच्या अगदी जवळ बसवा. म्हणजे हातोडीचा घाव सरळ जमिनीत उतरतो. फळी दणकत नाही.

वाळवी. प्रत्येक पायाखाली सपाट दगड ठेवा. पायांच्या तळाला डांबर लावा. तरीही दर महिन्याला वाकून पाहा.

हत्यारांची मांडणी. बाकाच्या मागे भिंतीवर एक फळी लावा. तिच्यावर करवत, हातोडी, पटाशी, पक्कड, कानस टांगा. प्रत्येक हत्याराभोवती कोळशाने रेघ काढा. हत्यार जागेवर नसले की रिकामी आकृती लगेच दिसते. कोणी नेले ते त्याच वेळी आठवते. शेजाऱ्याला हत्यार जरूर द्या. पण त्याचे नाव पाटीवर लिहून ठेवा. यात राग येण्याजोगे काही नाही. उलट शेजार टिकतो.

खिळे आणि स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे करा आणि डब्यांत ठेवा. डब्यावर कागद चिकटवून लिहा : 'खिळे, 5 सेंटिमीटर'. तुम्ही आता अक्षर शिकला आहात. ते पुस्तकात ठेवू नका. डब्यावर उतरवा. मग तुम्ही शेतात असलात तरी घरच्या कोणालाही हवा तो डबा सापडेल.

पावसाळ्यात लोखंडाला गंज चढतो. काम झाल्यावर हत्यारे पुसा आणि तेलाचा हात फिरवा. बोथट पटाशी धारेच्या पटाशीपेक्षा जास्त घात करते. तिला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती निसटते. पटाशीपुढे आपला दुसरा हात कधी ठेवू नका. धारेची हत्यारे लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच टांगा.

असे बाक घरात असले म्हणजे मोडलेली वस्तू कोपऱ्यात पडत नाही. ती त्याच संध्याकाळी दुरुस्त होते. मुले हे पाहतात, आणि त्यांचेही हात कामाला वळतात.

प्रश्न
1. बाकाची उंची कशी ठरवाल?
2. मागच्या पायांना तिरकी पट्टी का मारतात?
3. बोथट पटाशी जास्त घात का करते?
4. आपल्या घरातील हत्यारांची यादी लिहा. जे हत्यार जागेवर नाही, त्यापुढे ते कोणाकडे आहे ते लिहा.