स्टिअरिंगचं म्हणणं ऐकू यायला हवं

लॉजिटेकचं जी२९ स्टिअरिंग आणि इटलीच्या कुनोस कंपनीचा ‘असेटो कोर्सा’ हा सिम्युलेटर, या जोडीवर मी फोर्स फीडबॅक, म्हणजे स्टिअरिंगमधल्या मोटरने हाताला दिलेला जोर, नीट लावायला शिकलो. त्यातून पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. जोर वाढवला म्हणून गाडी खरी वाटत नाही. जी२९च्या मोटरची ताकद साधारण २ न्यूटन-मीटर. गेमने त्याहून जास्त मागितलं की मोटर आपला कमाल जोर देऊन थांबते. पुढचे सगळे बारकावे सपाट होतात. यालाच क्लिपिंग म्हणतात. आवाज फाटेपर्यंत वाढवलेल्या लाउडस्पीकरमधून शब्द कळत नाहीत, तसंच हे. स्पा ट्रॅकवरच्या ओ रूज वळणाच्या खळग्यात गाडी दाबली जाते, टायरवरचा भार वाढतो आणि स्टिअरिंग जड व्हायला हवं. क्लिपिंग असेल तर ते आधीच दगडासारखं घट्ट असतं, मग खळगा हाताला कळणार कसा? स्क्रीनवर पेडलच्या पट्ट्यांशेजारी फोर्स फीडबॅकची पट्टी असते, ती लाल झाली की क्लिपिंग होतंय असं समजायचं. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवर, क्षणभर लाल झाली तर चालेल. वळणभर लाल राहिली तर गेन, म्हणजे एकूण जोर, उतरवा. गाडी बदलली की पुन्हा बघा.

२. स्टिअरिंग हलकं झालं की ऐका. सगळ्यात मोलाचं हेच. वळलेला पुढचा टायर सतत सरळ व्हायला बघतो. हाताला जाणवणारं वजन बरंचसं त्याचंच. टायरची पकड कमाल गाठायच्या जरा आधीच हा ओढा कमी व्हायला लागतो. मोंझा ट्रॅकवरच्या पॅराबोलिकात, त्या लांबलचक उजव्या वळणात, हे स्वच्छ कळतं: भरलेलं स्टिअरिंग मध्येच पोकळ होतं. तिथे आणखी वळवू नका. अॅक्सिलरेटर किंचित सोडा, वजन परत येऊ द्या. ज्या सेटिंगमध्ये ही पोकळी जाणवत नाही, ते सेटिंग कितीही दणदणीत असलं तरी माझ्या मते निकामी.

३. म्हणूनच गेमच्या सेटिंगमधले कर्ब, रोड आणि स्लिप हे कृत्रिम थरथरीचे इफेक्ट मी शून्यावर ठेवतो. कर्बचा खरा धक्का सस्पेन्शनमधून येतोच. वरून घातलेली थरथर खऱ्या खुणा झाकून टाकते.

४. मिनिमम फोर्स, म्हणजे बारीक बळांना दिलेला किमान जोर, मात्र जी२९सारख्या गिअरवाल्या स्टिअरिंगला लागतो. गिअरच्या घर्षणात बारीक बळं मरतात. थोडं थोडं वाढवत जा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग आपोआप डावी-उजवीकडे डुलायला लागलं की एक पायरी मागे या. डायरेक्ट ड्राइव्हला, म्हणजे थेट मोटरवर बसवलेल्या स्टिअरिंगला, याची सहसा गरज नसते.

५. स्टिअरिंग फिरण्याचा कोन ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये आणि गेममध्ये सारखाच ठेवा, ९०० अंश.

६. डायरेक्ट ड्राइव्ह घेणाऱ्यांना कळकळीची विनंती: सुरुवात कमी जोरावर करा, अंगठे आऱ्यांमध्ये अडकवू नका आणि गाडी भिंतीवर आदळणार असं दिसलं की स्टिअरिंग सोडून द्या. त्या मोटरच्या झटक्याने मनगट खरोखर दुखावतं.