हजेरी घेणारे मास्तर आणि एकट्याची गिटार : मदतीच्या एका कार्यक्रमाचा पाठ



पाचवीला 'मी पाहिलेला कार्यक्रम' हा निबंध दिला की काय येतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. 'दिवे लागले. पडदा उघडला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मला खूप मजा आली.' तीस वह्या तपासा, तीसही वह्यांत मजा आलेली असते. कशाची आली ते मात्र एकाही वहीत सापडत नाही. म्हणून यंदा मी उलटं केलं. मुलांनी कधीच न पाहिलेला, त्यांच्या आईवडिलांच्याही लहानपणीचा, लंडनमधला कार्यक्रम घेतला आणि वर्गालाच प्रेक्षक केलं. तोच पाठ इथे देतेय. वाचताना तुम्हीही तिकीट काढून बसलाय असं समजा.

आधी फळ्यावर कार्यक्रमाचं नाव लिहा : 'द सीक्रेट पोलिसमन्स बॉल'. 'बॉल म्हणजे काय?' विचारलं की सगळे एका सुरात 'चेंडू' म्हणतील. म्हणू द्या. मग सांगा की इंग्रजीत श्रीमंती थाटाच्या नाचगाण्याच्या मेजवानीलाही बॉल म्हणतात. आता उरला गुप्त पोलीस. काही देशांत सरकारविरुद्ध बोललेल्या माणसाच्या दारावर रात्री थाप पडते आणि त्याला उचलून नेतात, ते काम यांचं. अशा पोलिसाने नाचगाण्याची मेजवानी ठेवलीय! माझ्या वर्गात एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे वाघाने शेळ्यांना वाढदिवसाला बोलावल्यासारखं." मला याहून चांगलं समजावता आलं नसतं. विनोद कुठून तयार होतो (न जुळणाऱ्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की) हा पाठ नावातच होऊन जातो.

मेजवानी कोणासाठी? ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेसाठी. 1961 साली पीटर बेनेन्सन या इंग्रज वकिलाने 'ऑब्झर्व्हर' या वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. हातात शस्त्र न घेता केवळ आपलं मत बोलल्यामुळे तुरुंगात पडलेल्या, जग विसरून गेलेल्या माणसांबद्दल तो लेख होता. त्यातून ही संस्था उभी राहिली. तिचं मुख्य हत्यार काय, तर पत्र. सामान्य माणसांनी त्या त्या सरकारला पत्रं पाठवत राहायचं की या कैद्याचं नाव आम्हाला ठाऊक आहे, आमचं लक्ष आहे. पत्रलेखन शिकवताना 'मा. महोदय' आणि 'विषय' यांच्या पुढे जायचं असेल तर हे उदाहरण जरूर सांगा. संस्थेचं चिन्ह आहे काटेरी तारेने वेढलेली मेणबत्ती. मुलांना ते काढायला फार आवडतं. 1977 साली संस्थेला शांततेचं नोबेल मिळालं.

पण पत्रांनाही पैसा लागतो. 1976 च्या एप्रिलमध्ये जॉन क्लीझ या विनोदी नटाने आपल्या ओळखीतले विनोदी नट गोळा केले आणि लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये तीन रात्री कार्यक्रम झाला. तेव्हा हे 'बॉल' नाव पडलं नव्हतं. त्या कार्यक्रमावर रॉजर ग्रेफ यांनी माहितीपट केला आणि त्यात रंगमंचामागची तालीमही दिसते. माझ्या दृष्टीने शाळेसाठी खरा खजिना तिथे आहे. नामांकित गटांतली दोन माणसं त्या दिवसांत नव्हती : माँटी पायथनचे एरिक आयडल आणि बियाँड द फ्रिंजचे डडली मूर. मग काय केलं? आयडलच्या जागी दुसऱ्या गटाचा पीटर कुक उभा राहिला, आणि मूरच्या जागी पायथनचा टेरी जोन्स. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी शिवाजी महाराजांना ताप येतो तेव्हा आपण हेच करतो की नाही? एवढी मोठी माणसंही ऐनवेळी दुसऱ्याचं काम अंगावर घेतात, हे मुलांना कळलं की त्यांची निम्मी भीती जाते.

आता या 1979 मध्ये. जूनच्या शेवटचे दिवस, थिएटर तेच. खुर्चीत बसा. एक सडपातळ तरुण येतो, काळ्या डगल्यात, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. तो काहीच करत नाही, फक्त हजेरी घेतो. एकेक आडनाव उच्चारतो, नसलेल्या मुलांकडे बघतो, मध्येच एखाद्याला दटावतो. रंगमंचावर एकही मुलगा नाही, तरी तुम्हाला पूर्ण वर्ग दिसतो. हा तरुण म्हणजे रोवन ॲटकिन्सन. मुलं त्याला मिस्टर बीन म्हणून ओळखतात, पण मिस्टर बीन टीव्हीवर यायला अजून दहा-अकरा वर्षं होती. आपण वर्षाला दोनशेवर वेळा हजेरी घेतो, त्यात एवढं नाटक दडलंय हे मला तो प्रवेश पाहिल्यावर कळलं! (एक सूचना. त्यातली काही आडनावं इंग्रजीत चावट अर्थाची आहेत. वर्गात व्हिडिओ लावू नका, तुम्ही पाहा आणि स्वतः करून दाखवा.)

हसू ओसरतंय तोवर एक माणूस गिटार घेऊन येतो. पीट टाउनशेंड, 'द हू' या रॉक बँडचा. हा बँड कानठळ्या बसवणारा म्हणून प्रसिद्ध, आणि टाउनशेंड गाणं संपल्यावर गिटार आपटून फोडण्यासाठी. आज त्याच्यामागे ड्रम नाही, बँड नाही. साधी लाकडी गिटार आणि तो. एका गाण्यात त्याच्या साथीला जॉन विल्यम्स आहे, जो शास्त्रीय गिटारवादक आहे. मोठ्या आवाजाची सवय असलेला माणूस हळू वाजवायला लागला की सभागृह श्वास रोखून ऐकतं. वर्गात ओरडून थकलात की एकदा कुजबुजत शिकवून पाहा, मी काय म्हणते ते कळेल.

आणि पीटर कुक. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये जेरेमी थॉर्प या मोठ्या राजकीय पुढाऱ्यावर खुनाच्या कटाचा खटला चालला होता आणि तो निर्दोष सुटला होता. न्यायाधीशांचं ज्यूरीपुढचं भाषण त्याच्या बाजूने झुकलेलं आहे अशी टीका झाली. कार्यक्रम सुरू झाल्यावर कोणीतरी छापलं की यात धार नाही, जुनेच प्रवेश आहेत. कुकने ते मनावर घेतलं आणि लगेच त्या न्यायाधीशाच्या भाषणाची नक्कल लिहून सादर केली. त्याच्या उत्तम कामांत आजही तिची गणना होते. तोंडाने निःपक्षपाती, शब्दाशब्दाने पक्षपाती! आठवी-नववीच्या शिक्षकांनी उपरोध शिकवताना वापरावा असा हा नमुना आहे.

1981 च्या सप्टेंबरमध्ये जागा बदलली. थिएटर रॉयल, ड्रूरी लेन. या वेळी संगीत खूप वाढलं. पोलिस या बँडचा स्टिंग एकटाच गायला (योगायोगाने बँडचं नावही पोलीसच). यार्डबर्ड्स या एकाच बँडमध्ये एकामागून एक गिटार वाजवलेले एरिक क्लॅप्टन आणि जेफ बेक इथे एकत्र वाजवायला उभे राहिले. फिल कॉलिन्स होता, बॉब गेल्डॉफ होता. शेवटी सगळ्यांनी मिळून बॉब डिलनचं सुटकेविषयीचं गाणं म्हटलं. दोन तास पोट धरून हसवल्यावर, अगदी शेवटी, कैद्यांची आठवण. चार वर्षांनी याच गेल्डॉफने 13 जुलै 1985 ला आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी लाइव्ह एडचा प्रचंड कार्यक्रम घडवून आणला. 2012 मध्ये ॲम्नेस्टीच्या पन्नाशीनिमित्त हा 'बॉल' न्यूयॉर्कला रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्येही झाला.

इथवर आलं आणि मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, लोक तुरुंगात आहेत आणि हे हसतात कसे? वाईट नाही वाटत?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर त्या प्रश्नामुळे मला वेगळंच आठवलं.

काही वर्षांपूर्वी, आधीच्या शाळेत, एका विद्यार्थ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही कार्यक्रम ठेवला होता. सूत्रसंचालन माझ्याकडे. वातावरण गंभीर हवं म्हणून मी मागे हळवी धून लावली, त्याला स्टेजवर बोलावलं, त्याच्या घरची परिस्थिती माइकवर सांगितली. बायका रडल्या. डबा फिरला, पैसे चांगले जमले, ऑपरेशन झालं. पाठ थोपटून घ्यायला मी मोकळी. महिन्याभराने मधल्या सुट्टीत कबड्डीवरून भांडण झालं, तेव्हा एक मुलगा त्याला म्हणाला, "गप रे, माझे वीस रुपये आहेत तुझ्यात." तो मुलगा पुन्हा कबड्डीला उतरला नाही. मी रागावले ते बोलणाऱ्यावर. स्वतःवर रागावायला मला फार उशीर लागला.

त्या लंडनच्या कार्यक्रमाकडे मी आता या नजरेने बघते. प्रेक्षकांनी कोणा कैद्याच्या पदरात भीक घातली नाही. त्यांनी तिकीट घेतलं, तिकिटाच्या मोलाचं हसू आणि गाणं मिळवलं, हिशेब तिथेच फिटला. पैसा मागच्या दाराने जिथे जायचा तिथे गेला. त्या मुलाला मी एवढंच विचारलं, "तू तुरुंगात असतास तर लोकांनी तुझ्यासाठी रडलेलं आवडलं असतं की हसलेलं?" तो म्हणाला, "सोडवलेलं." वर्ग हसला, मीही हसले.

हिशेबावरून एक गोष्ट जोडते, कारण आपण शाळेत इथेच घसरतो. 1 ऑगस्ट 1971 ला जॉर्ज हॅरिसन आणि आपले पंडित रविशंकर यांनी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफकडे गेले. पण करसवलतीची कागदपत्रं आधी केलेली नव्हती, त्यामुळे रेकॉर्ड आणि चित्रपटाचा बराच पैसा कितीतरी वर्षं अडकून पडला. तेव्हा पावतीपुस्तक, दोन सह्या, आणि आठवड्यात नोटीस बोर्डावर जमाखर्च. कंटाळवाणं आहे, करा.

यंदा आमच्या शाळेत पुन्हा अशीच गरज पडली. कोणाला ते इथेही लिहीत नाहीये. 'विद्यार्थी मदत निधी' एवढंच तिकिटावर छापलं, किंमत वीस रुपये. मुलांनी मास्तर व्हायचं आणि शिक्षकांनी विद्यार्थी, अशी हजेरी बसवली. सहावीतल्या एका मुलाने डोळ्यांवर चष्मा चढवून आमची अशी काही हजेरी घेतली की मला माझाच आवाज ऐकू आला. ढोलकी आणि एका माजी विद्यार्थ्याची गिटार, बाकी काही नाही. 6,340 रुपये जमले. ज्या घरासाठी होते ते घरही वीस-वीस रुपये भरून दुसऱ्या रांगेत बसलं होतं आणि सगळ्यांबरोबर हसत होतं.

निबंध मी दुसऱ्या दिवशी लिहून घेतला. नियम एकच दिला : 'मजा आली' हे शब्द वापरायचे नाहीत, नेमकं कोण काय करताना हसू आलं ते लिहायचं. पहिल्याच वहीतलं पहिलं वाक्य असं होतं : 'हजेरीत मुख्याध्यापक सरांचं नाव तीनदा पुकारलं, पण ते हजर म्हणायचं विसरून आपल्यामागे कोण उभं आहे ते बघत राहिले.'